त्रेसष्ट घरांच्या कड्या

आमच्या सेवा क्लबच्या सभागृहात दोनशे खुर्च्या आहेत. त्या शनिवारी दुपारी तिथे साडेतीनशे माणसं तरी होती. भिंतीला टेकून, खिडक्यांच्या कठड्यांवर, दोन खुर्च्यांमध्ये तिघं अशी माणसं बसली होती आणि एवढ्या गर्दीत कुणी खोकतसुद्धा नव्हतं.

व्यासपीठावर जमिनीपर्यंत लोंबणारं काळं कापड घातलेलं एक टेबल होतं. त्यामागे द्रष्टे बाबा बसले होते. डोळ्यांवर करड्या कापडाची पट्टी, अंगावर त्याच रंगाची शाल. एक हात पुढे केलेला आणि त्या हाताचं बोट सभागृहावरून हळूहळू फिरत होतं. बोट ज्या रांगेवरून जाई ती रांग मान खाली घाली, गृहपाठ न केलेली मुलं घालतात तशी.

बोट थांबलं ते बेकरीवाल्याच्या बायकोवर.

बाबा म्हणाले, "माई, तुमच्या स्वयंपाकघराचं मागचं दार. त्याची वरची कडी बसत नाही. तुम्ही तिथे लाटणं अडकवता."

ती बाई आधी पांढरीफटक पडली आणि मग रडायला लागली. लाटण्याची गोष्ट तिने नवऱ्यालाही सांगितली नव्हती, असं ती शेजारणीला हुंदके देत सांगत होती. सभागृहातून एक सुस्कारा फिरला. बाबांनी हात छातीवर ठेवला.

"मी पाहत नाही," ते म्हणाले. "माझ्याकडून पाहिलं जातं. मी नुसती खिडकी आहे. खिडकीला कोणी विचारतं का, तू उघडी का आहेस म्हणून?"

माझा छापखाना आहे. लग्नपत्रिकांपासून पावती पुस्तकांपर्यंत लोकांची हजारो वाक्यं मी तपासली आहेत. हे वाक्य माझ्या टेबलावर आलं असतं तर लाल खूण करून मी ते परत पाठवलं असतं. पण त्या दिवशी तिथे बसून मीही घाबरले होते, हे कबूल केलं पाहिजे. कारण मागच्या सभेत याच बाबांनी शिंप्याकडे बोट दाखवून सांगितलं होतं, "पश्चिमेची खिडकी. पाच दिवसांच्या आत." आणि पाचव्या दिवशी शिंपी-शिंपीण दुकानात असताना, भर दुपारी, पश्चिमेच्या खिडकीतून त्यांच्या घरात चोर शिरला होता.

आमची भीती त्याच्याही आधीची. तीन महिन्यांपूर्वी म्हाताऱ्या औषधवाल्याला त्याच्याच खुर्चीला बांधून कुणीतरी दुकान धुऊन नेलं. त्याच्या मनगटांवरचे दोरीचे वळ आम्ही सगळ्यांनी पाहिले. पंधरा दिवसांनी घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचं घर फुटलं. त्यानंतर आमच्या भागातली माणसं बदलली. दुपारी बेल वाजली की बायका श्वास रोखून दाराच्या आतल्या बाजूला उभ्या राहू लागल्या. ओळखीचा आवाज आला तरी दोनदा विचारू लागल्या.

आमचा क्लब छोटा आहे. गरजूंना चष्मे द्यायचे, रक्तदानाचं शिबिर भरवायचं, कुणाचा पाय मोडला तर कुबड्या आणि चाकाची खुर्ची वापरायला द्यायची, बस थांब्याला रंग लावायचा, अशी आमची कामं. अध्यक्ष दातांचे डॉक्टर आणि चिटणीस मी. या चोऱ्यांनंतर आम्ही सुरक्षा सप्ताह ठरवला. पोलीस ठाण्याच्या निरीक्षक बाईंना व्याख्यानाला बोलावलं. त्यांनी साध्या भाषेत सांगितलं: किल्ली कुंडीखाली ठेवू नका, गावाला जाताना चारचौघांत बोलू नका, दाराशी आलेल्या माणसाचं ओळखपत्र मागा, तो कितीही गोड बोलत असला तरी. एकट्या असाल तर एकट्या आहात हे सांगू नका. ऐकायला एकोणीस जण होते, त्यातले सहा चहासाठी थांबलेले.

त्याच सप्ताहात आम्ही आणखी एक गोष्ट केली, आणि ती माझीच कल्पना होती. ज्या घरांत म्हातारी माणसं आहेत किंवा दिवसभर कुणी नसतं, अशा घरांची पाहणी करायची. कुठली कडी सैल आहे, कुठलं कुलूप जुनं आहे, घरात किती माणसं असतात, कधी नसतात, हे सगळं एका अर्जावर भरायचं, म्हणजे क्लबच्या खर्चाने नव्या कड्या बसवून देता येतील. अर्ज मीच छापला. त्रेसष्ट घरांचे अर्ज भरून आले.

त्यातले बरेचसे होजींनी भरले होते. होजी म्हणजे आमचे सर्वांत नवे सभासद. पन्नाशी ओलांडलेले, चांदीच्या काड्यांचा चष्मा, कुठल्याशा कचेरीतून लवकर निवृत्त झालेले. कुठलंही काम सांगा, उत्तर "हो जी." म्हणून सगळे त्यांना होजीच म्हणत. औषधवाल्याच्या प्रकारानंतर आठवडाभराने ते स्वतःहून क्लबमध्ये आले आणि म्हणाले, अशा वेळी हातावर हात धरून बसवत नाही. आम्हाला कोण आनंद झाला. त्यांचं ओळखपत्र आम्ही मागितलं नाही.

द्रष्टे बाबांचं नावही त्यांनीच काढलं. अध्यक्ष डॉक्टरांची बायको तेव्हा भीतीने जेवेनाशी झाली होती. होजींनी डॉक्टरांना सांगितलं की एक गृहस्थ आहेत, पैसे घेत नाहीत, नुसतं बोलून मन शांत करतात. मी विरोध केला. डॉक्टर म्हणाले की लोकांना बरं वाटत असेल तर आपलं काय जातं. मतं घेतली, मी एकटी पडले.

तर त्या शनिवारी बेकरीवाल्याची बायको डोळे पुसत खाली बसली आणि बोट पुन्हा फिरायला लागलं. ते आमच्या रांगेशी आलं, मला ओलांडून पुढे गेलं आणि माझ्या शेजारी बसलेल्या आत्यावर थांबलं.

माझी आत्या दोन गल्ल्या पलीकडे राहते. काका, म्हणजे तिचे यजमान, गेल्यापासून एकटी. वय बहात्तर. पूर्वी दवाखान्यात परिचारिका होती, पण त्या तीन महिन्यांत ती इतकी खचली होती की दार लावल्यावर मला फोन करून सांगायची, "लावलं गं." आणि दहा मिनिटांनी पुन्हा विचारायची, मी लावलंय का ते.

"तुमच्या घरात एक मुकं जनावर आहे," बाबा म्हणाले. "थोराड, तांबूस कुत्रा. जिन्याखाली बांधता तुम्ही त्याला. तीन दिवस तो दाराकडे बघून गुरगुरतोय. तुमच्या घरावर संकटाची सावली पडली आहे, ती त्याला दिसते आहे, माई. तुम्हाला दिसत नाही."

लोक वळून आत्याकडे बघू लागले. तिने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. तिचा चेहरा मी पाहिला, आणि तिला वाटलेली भीती बेकरीवालीच्या भीतीसारखी नाही, एवढं मला कळलं. ती काहीतरी मोजत असावी तसे तिचे ओठ हलत होते.

मग बाबांनी उपाय सांगितला. दुसऱ्या दिवशी, रविवारी, ज्यांच्या घरावर सावली आहे त्यांनी घरातलं सोनं आणायचं. कापड बाबाच देणार, पिवळं, सगळ्यांना सारखं. त्यात बांधलेलं सोनं बाबा जमिनीला टेकवून "बंद" करतील, लाखेने मोहोर लावतील आणि लगेच परत देतील. घरी नेऊन ते एकवीस दिवस उघडायचं नाही. "उघडलं तर सावली त्या घरात बसेल," ते म्हणाले, "आणि मग मीही काही करू शकणार नाही." पैसे त्यांनी मागितले नाहीत. यानेच लोक विरघळले.

बाहेर पडून आम्ही गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत आलो. मी म्हटलं, "आत्या, तू कुत्रा कधी पाळलास?"

"पाळला नाही," ती म्हणाली.

"मग?"

तिला लाज वाटत होती. होजी अर्ज भरायला आले तेव्हा ती घरात एकटीच होती. निरीक्षक बाईंचं व्याख्यान तिने लक्ष देऊन ऐकलं होतं. त्यामुळे घरात आणखी कोण असतं असं होजींनी विचारलं तेव्हा तिने ठोकून दिलं, मोठा कुत्रा आहे, तांबूस, जिन्याखाली बांधलाय, अनोळखी माणसावर धावतो. होजी दारातच उभे राहिले. जिन्याखाली त्यांनी डोकावून पाहिलं नाही. अर्जावर लिहून घेतलं आणि गेले. क्लबच्या भल्या माणसाशी आपण खोटं बोललो, हे तिला इतके दिवस टोचत होतं, म्हणून तिने मला सांगितलं नव्हतं.

मी गल्लीतच उभी राहिले. तोवर भीती वाटत होती ती न दिसणाऱ्या कशाची तरी. आता ज्याची वाटली त्याला चष्मा होता आणि सुंदर अक्षर होतं. नसलेला कुत्रा दिव्यदृष्टीला दिसत नाही. तो फक्त कागदावर दिसतो.

आत्याला माझ्या छापखान्यात कामगारांच्या सोबतीला बसवून मी तशीच क्लबच्या कार्यालयात गेले. सभागृह रिकामं झालं होतं. अर्जांची फाईल कपाटात होती, आणि कपाटाला कुलूप नव्हतं. गावभर कुलपांचे सल्ले देणाऱ्या आमच्या क्लबच्या कपाटाला कुलूप नव्हतं, आणि त्याची जबाबदारी चिटणिसाची, म्हणजे माझी.

मी शिंप्याचा अर्ज काढला. "पश्चिमेची खिडकी, बिजागरी सैल. दोघेही दुकानात, दहा ते सहा." बेकरीवाल्याचा काढला. "मागच्या दाराची वरची कडी बसत नाही, लाटणं अडकवतात." नवऱ्याला न सांगितलेली गोष्ट तिने मदतीला आलेल्या माणसाला सांगितली होती आणि विसरून गेली होती. त्या दोन सभांत बाबांना जे जे दिसलं होतं ते सगळं तिथे होतं, काही ठिकाणी तर शब्दही तेच. आत्याच्या अर्जावर लिहिलं होतं: "कुत्रा, थोराड, तांबूस, जिन्याखाली." ते आठ-दहा अर्ज मी घडी करून पिशवीत सरकवले.

"काही शोधताय का, ताई?"

होजी दारात उभा होता. कधी आला ते मला कळलं नव्हतं. त्याने दार आपल्यामागे लोटलं, पण कडी लावली नाही. मी फाईल मिटली आणि म्हटलं, रक्तदात्यांची यादी सापडत नाहीये.

"हो जी," तो म्हणाला. माझ्या अगदी जवळून हात घालून त्याने वरच्या फळीवरून यादी काढून दिली. मग चष्मा पुसत म्हणाला, "आत्याबाई फार घाबरल्या आज. दुपारच्या एकट्याच असतात ना? कुत्रा आहे म्हणा सोबतीला."

मी म्हटलं, हो, कुत्रा आहे. यादी घेऊन मी बाहेर पडले. त्याची नजर पाठीवर आहे असं वाटत होतं, म्हणून रस्त्याचं वळण येईपर्यंत पळाले नाही. वळणानंतर पळाले. कितीतरी वर्षांनी.

आत्याला घेऊन मी पोलीस ठाण्यात गेले. निरीक्षक बाईंनी सगळं ऐकून घेतलं, दोनदा लिहून घेतलं. मला वाटलं होतं त्या लगेच जीप काढतील. त्या म्हणाल्या की अर्ज तुमच्याच उघड्या कपाटात होते, ते कुणीही वाचू शकलं असतं, तो माणूस हेच सांगेल. आत्ता हटकलं तर दोघं उद्या दुसऱ्या गावात दुसरी शाल पांघरून बसतील. माल हातात असताना पकडायला हवं. त्यासाठी कुणीतरी खरं सोनं घेऊन त्या टेबलापाशी जायला हवं आणि मिळालेलं पुडकं तिथेच, सगळ्यांसमोर उघडायला हवं.

मी म्हटलं, मी जाते. आत्या म्हणाली, बोट माझ्याकडे दाखवलंय, तू गेलीस तर त्यांना संशय येईल. मी तिला सांगितलं की तू आधीच किती घाबरली आहेस, तुला जमायचं नाही.

"घाबरले आहेच गं," ती म्हणाली. "पण घरात बसले तरी घाबरलेलीच राहणार आहे ना."

तिच्या दोन पाटल्या आणि काकांची अंगठी यांचा निरीक्षक बाईंनी फोटो काढला, आतल्या बाजूच्या खुणा टिपून घेतल्या. त्या रात्री आत्या माझ्याकडे राहिली. दिवा मालवू नकोस म्हणाली.

रविवारी रांग रस्त्यापर्यंत गेली होती. प्रत्येकाच्या हातात पिवळं पुडकं. एरवी भाजीवाल्याशी मापावरून भांडणारी माणसं घरातलं सोनं घेऊन मुकाट उभी होती. निरीक्षक बाई साध्या कपड्यांत तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. त्यांची दोन माणसं मागच्या दाराबाहेर होती. आज बाबांच्या डोळ्यांवर पट्टी नव्हती. प्रत्येकाचं पुडकं घेऊन ते तीनदा वाकून जमिनीला टेकवत, तेव्हा हात टेबलाच्या काळ्या कापडाखाली जाई. मग वर आलेल्या गाठीवर लाख ओतून मोहोर. होजी अधूनमधून टेबलाखालून एक खोकं ओढून मागच्या दाराने नेत होता. त्यात दोषाची माती आहे, तिला हात लावू नका, असं लोकांना बजावलं होतं.

आत्याच्या आधी चाळीसेक जणांचं झालं होतं, ते आपापली पुडकी घेऊन सभागृहातच बसले होते. तिने पुडकं दिलं, बाबा वाकले, मोहोर लावली, परत दिलं. ती दोन पावलं मागे आली आणि थांबली. ती उघडणार नाही असं क्षणभर मला वाटलं. तिने मला नंतर सांगितलं की तिलाही तसंच वाटलं होतं. सावली नाही हे तिला ठाऊक होतं, तरी बोटं गाठीवर जाईनात. मग तिने दातांनी गाठ सोडली.

आत लोखंडी वायसर होते, नटाखाली घालतात त्या चकत्या. आणि वाजावं म्हणून घातलेले साखळीचे दोन तुकडे.

तिने ते सगळ्यांना दिसतील असे ओंजळीत धरले. सभागृहात कुणी हललं नाही. बाबा मात्र सावकाश उठले, दोन्ही हात पसरले आणि आवाज चढवून म्हणाले, "बघा. संशयाने सोन्याचं लोखंड झालं. या बाईने मोहोर मोडली. आता तुमचं काय होणार?"

आणि ते चाललं. हीच गोष्ट आजही मला सर्वांत जास्त भिववते. पुढे आलेली माणसं मागे सरली. ज्यांना पुडकी मिळाली होती त्यांनी ती उघडायची सोडून पोटाशी घट्ट धरली. कुणीतरी आत्याला म्हणालं, काय केलंत हे बाई. सोनं डोळ्यांदेखत गेलेलं दिसत असूनही साडेतीनशे माणसं रागावली ती तिच्यावर.

मी उभी राहिले. मी विचारलं, "बाबा, आत्याच्या कुत्र्याचं आता काय होईल?"

त्यांनी डोळे मिटले. "तो वाचत नाही," ते म्हणाले. "मला दिसतंय. जिन्याखाली पडलाय. तोंडाला फेस आहे."

आत्या लोकांकडे वळली. तिचा आवाज बारीक होता, पण शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "मी कुत्रा कधी पाळलाच नाही. माझ्या शेजारणी इथे बसल्यात, त्यांना विचारा. होजी अर्ज भरायला आले, तेव्हा मी भीतीपोटी त्यांना खोटं सांगितलं होतं."

शेजारणींनी माना हलवल्या. एक म्हणाली, नाही, कुत्रा नाही. मी पिशवीतून अर्ज काढले आणि वाचायला लागले. शिंप्याची खिडकी. बेकरीवालीची कडी. सहावा अर्ज वाचून होईपर्यंत लोकांनी आपापली पुडकी सोडायला घेतली होती, आणि सभागृहभर वायसर जमिनीवर पडल्याचे आवाज येत होते.

बाबा मागच्या दाराकडे निघाला. निरीक्षक बाईंनी त्याचा दंड धरला आणि दुसऱ्या हाताने टेबलाचं काळं कापड ओढलं. खाली पिवळी पुडकी रचून ठेवली होती, लहान, मध्यम, मोठी, चपलांच्या दुकानात मापं ठेवतात तशी. सगळ्यांना एकच कापड का दिलं होतं, ते आता शाळकरी मुलालाही कळलं असतं. बाहेर खोक्यासकट होजी सापडला. त्याच्या खोक्यात माती नव्हती. आत्याच्या पाटल्या आणि काकांची अंगठी टेबलाखालच्या दुसऱ्या खोक्यात, सगळ्यांत वर होती.

चौकशीत कळलं की औषधवाल्याची आणि घड्याळवाल्याची चोरी यांची नव्हती. यांनी फक्त आमची भीती हेरली. बाबाच्या पट्टीचं कापड विरळ होतं, त्यातून आरपार दिसायचं, आणि कोण कुठे बसलंय ते होजी त्याला आधीच सांगून ठेवायचा. शिंप्याचं घर मात्र होजीने फोडलं, अर्जात बघून, बाबाने दिलेली मुदत पाळायला. घरात घुसायची त्यांना फारशी गरजच उरणार नव्हती. लोक स्वतःच सोनं घेऊन रांगेत उभे राहणार होते.

अध्यक्ष डॉक्टर घरोघर जाऊन माफी मागून आले. पोलिसांचं काम झाल्यावर मी ते त्रेसष्ट अर्ज छापखान्यातल्या यंत्रावर बारीक कातरले आणि पुढच्या सभेत माझी चूकही सांगितली. आता आमचा क्लब कड्या बसवतो, पण कुठल्या घरात कुठली कडी आहे याची नोंद ठेवत नाही. कडी बसवायला जाणारा माणूस जोडीने जातो आणि ओळखपत्र दाखवतो. नाही दाखवलं तर दार उघडू नका, असं आम्हीच सांगतो, तो माणूस आमचा असला तरी.

भीती वाटली म्हणून कुणी मूर्ख ठरत नाही. मी घाबरले होते, आत्या घाबरली होती, निरीक्षक बाईही नंतर म्हणाल्या की त्या क्षणी लोक आमच्यावर धावून येतील असं त्यांना वाटलं होतं. पण माणूस जितका घाबरलेला, तितकं त्याने जास्त विचारायला हवं. तुमच्या घरातली, तुमच्या मनातली गोष्ट कुणी डोळे मिटून सांगू लागला, तर हात जोडण्याआधी थोडं थांबा आणि आठवा की ही गोष्ट याला कुणी सांगितली असेल. शांतपणे आठवलंत तर सांगणारा बहुतेक सापडतो. बऱ्याचदा ते आपणच असतो.